आजोबांच्या धोतराचा टोगा

पत्र :

माझी मुलगी न्यू जर्सीतल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये नववीत आहे. तिने स्पॅनिश किंवा फ्रेंच घ्यावी असं आम्हाला वाटत होतं, तिने लॅटिन घेतलं. मग लॅटिन क्लबात गेली. आता मंगळवारी आणि गुरुवारी शाळा सुटल्यावर 'केर्तामेन' नावाच्या प्रश्नमंजूषेचा सराव असतो. रविवारची मराठी शाळा मात्र सुटली. घरात आम्ही मराठी बोलतो, ती इंग्रजीत उत्तरं देते. कोल्हापूरच्या आजीशी फोनवर 'बरी आहे, जेवले' याच्यापुढे गाडी जात नाही. आणि एका मेलेल्या भाषेतली रूपं आंघोळ करताना मोठमोठ्याने म्हणते.

डिसेंबरात क्लबची मेजवानी होती, टोगा हवा होता, म्हणजे जुन्या रोमन लोकांचं अंगाभोवती घ्यायचं वस्त्र. मी चादर काढून ठेवली होती. तिने ती ठेवून दिली आणि न विचारता कपाटातून माझ्या वडिलांचं पांढरं धोतर नेलं. वडील गेल्यावर मी ते आठवण म्हणून इथे आणलं होतं. येताना त्याच्यावर द्राक्षाच्या रसाचा डाग होता. मी खूप बोलले, मग रात्री रडत बसले.

आता आम्ही चार आया मिळून तिच्या शाळेत मराठी क्लब काढणार आहोत. दर शुक्रवारी आम्हीच जाऊन शिकवू. नवरा म्हणतो, हिला संस्थापक-अध्यक्ष करू, कॉलेजच्या अर्जात चांगलं दिसेल. मुलगी म्हणते, 'प्लीज आई, नको.' मी काय करू?

— एक आई, न्यू जर्सी

उत्तर :

ताई,

मराठी क्लब काढू नका. म्हणजे, तुम्ही चौघींनी काढू नका. उद्या तुमच्या लेकीने किंवा शाळेतल्या दुसऱ्या एखाद्या मराठी मुलाने आपणहून काढला, तर सगळ्यात आधी मला कळवा, मला मनापासून आनंद होईल. पण 'दर शुक्रवारी आम्ही जाऊन शिकवू' हे होणार नाही आणि होऊही नये.

होणार नाही का, ते आधी सांगते, कारण त्याला कायदा आहे. अमेरिकेतल्या सरकारी हायस्कूलमध्ये क्लब दोन प्रकारचे असतात. काही अभ्यासक्रमाला जोडलेले असतात : शाळेत लॅटिनचा वर्ग भरतो, म्हणून लॅटिन क्लब. बाकीचे मुलांच्या आवडीतून निघतात : बुद्धिबळ, ॲनिमे, विणकाम, काहीही. या दुसऱ्या प्रकारासाठी 1984 चा समान प्रवेशाचा केंद्रीय कायदा आहे. केंद्राचा पैसा घेणाऱ्या शाळेने असा एक जरी क्लब भरू दिला, तरी दुसऱ्या गटाला त्याच्या धर्मावरून, राजकारणावरून किंवा विचारांवरून दार बंद करता येत नाही. नेब्रास्कातल्या ओमाहाच्या एका शाळेवरून हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. 1990 च्या त्या निकालात दोन प्रकारांतला फरक समजावताना न्यायालयाने उदाहरण घेतलं ते नेमकं फ्रेंच क्लबचं : शाळेत फ्रेंच शिकवत असतील, किंवा लवकरच शिकवणार असतील, तर तो क्लब अभ्यासक्रमातला. तुमच्या शाळेत मराठीचा वर्ग नाही, म्हणजे मराठी क्लब दुसऱ्या प्रकारात मोडणार. आणि तिथे कायदा स्पष्ट सांगतो की गट मुलांनी स्वतः, स्वेच्छेने सुरू केलेला हवा. शाळेबाहेरच्या माणसांनी तो चालवायचा नाही, आपल्या हातात ठेवायचा नाही आणि नेमाने हजरही राहायचं नाही. तुम्ही चौघी शाळेबाहेरच्या. मुख्याध्यापकांनी 'नाही' म्हटलं, तर तो मराठीचा अपमान समजू नका.

आता होऊ का नये, ते. ते मला कायद्यातून नाही, घरातून कळलं आहे.

मी बावीस वर्षं अमेरिकेतल्या एका हायस्कूलमध्ये फ्रेंच शिकवलं. फ्रेंच क्लबची सल्लागारही मीच होते. दुसऱ्यांच्या मुलांचा क्लब कसा चालवायचा हे मला पाठ होतं. तरी माझा मुलगा दुसऱ्या एका हायस्कूलमध्ये दहावीत होता तेव्हा मी त्याच्यामागे लागून मराठी क्लब काढायला लावला. नियमावली मी लिहिली. पहिल्या सभेला पोहे मी केले, तेही डब्यांतून, चमच्यांसकट. भिंतीवरचं 'स्वागत' मी कापलं. पहिल्या दिवशी अकरा मुलं आली, दुसऱ्या सभेला चार, आणि फेब्रुवारीत एका दुपारी माझा मुलगा त्या वर्गात एकटाच बसून होता. मला तो काही बोलला नाही. बऱ्याच वर्षांनी घर बदलताना त्या क्लबची फाइल हाती लागली. नोंदणीच्या कागदावर अकराही नावं माझ्या अक्षरात होती. मुलांनी सह्या करायच्या त्या कागदावर मीच घरी बसून, फोनवर त्यांच्या आयांना विचारून, नावं लिहिली होती. तो कागद हातात धरून मी खाली बसले. तो क्लब का गेला हे तेव्हा मला कुणी समजावून सांगायची गरज राहिली नाही.

तुमची लेक 'प्लीज आई, नको' म्हणते, ते मराठीला 'नको' म्हणत नसेल. शुक्रवारी दुपारी, तिच्या मैत्रिणींदेखत, तिची आई तिच्या शाळेत उभी राहून तिला तिचीच भाषा शिकवते आहे, हे चित्र तिला नको आहे. चौदा वर्षांच्या कुठल्याही मुलीला नकोच असेल.

नवऱ्याला माझा निरोप द्या. कॉलेजच्या सामायिक अर्जात उपक्रमांसाठी दहा जागा असतात, आणि प्रत्येकाच्या वर्णनाला 150 अक्षरं. 'संस्थापक-अध्यक्ष' या पदाची जागा वेगळी. मग वर्णनात काय लिहिणार? मी शेकडो शिफारसपत्रं लिहिली आहेत. जे मूल चार वर्षं एका गोष्टीत खरोखर रमलेलं असे, त्याच्याविषयी लिहायला पान पुरत नसे. आणि आईबापांनी पद मिळवून दिलेल्या मुलाविषयी दुसरं वाक्य सुचत नसे. तुमच्या मुलीला ती रमेल अशी गोष्ट सापडली आहे. ती लॅटिन निघाली, एवढंच.

ही लॅटिन क्लबची मंडळी काय करतात ते तुम्हाला ठाऊक असावं, कारण तुमच्या पत्रात त्याच्याविषयी 'प्रश्नमंजूषा' आणि 'मेजवानी' या दोन शब्दांपलीकडे काही नाही. शाळांमधल्या अशा क्लबांची राष्ट्रीय संघटना 1936 पासून आहे. राज्याराज्यांचे मेळावे वसंतात भरतात आणि उन्हाळ्यात एखाद्या विद्यापीठाच्या आवारात आठवडाभराचं राष्ट्रीय अधिवेशन. हजाराहून जास्त मुलं येतात, जांभळ्या-सोनेरी रंगांत, घसा बसेपर्यंत ओरडत. केर्तामेनमध्ये चौघांचा चमू असतो. प्रश्न पुरा व्हायच्या आत बझर दाबायचा, बरोबर आलं तर दहा गुण, मग त्याच चमूला पाच-पाच गुणांचे दोन जादा प्रश्न. व्याकरण, पुराणकथा, रोमचा इतिहास, इंग्रजी शब्दांची मुळं, सगळं त्यात येतं. शिवाय पाठांतर, वक्तृत्व, मोज़ेक, मातीची शिल्पं, पोशाख, धावण्याच्या शर्यती. डिसेंबरात सॅटर्नेलिया हा रोमन सण, मार्चच्या पंधरा तारखेला सीझरची आठवण, 21 एप्रिलला रोमचा वाढदिवस. मार्चच्या सुमाराला राष्ट्रीय लॅटिन परीक्षा असते, तिला दरवर्षी लाखभर मुलं बसतात. गंमत म्हणून जाणाऱ्यांचा हा क्लब नाही. आपल्याकडे गणेशोत्सवात एखादं मूल नाटकाच्या तालमीला जायला लागतं आणि मग त्याला घरचं जेवण आठवत नाही, तसं हे आहे.

आणि 'मेलेली भाषा' हे तिच्यासमोर पुन्हा म्हणू नका. तिच्या वर्गातली इंग्रज-अमेरिकन मुलं ते रोज म्हणत असणार. घरी तरी तिला ते ऐकायला लागू नये.

आता मी तुम्हाला एक गोष्ट सांगते ती फ्रेंच क्लबातली आहे, पण तुमच्या कामाची आहे. आमच्या क्लबात एक हैतीहून आलेली मुलगी होती. दोन वर्षं ती मागच्या बाकावर बसायची. आम्ही क्रेप, म्हणजे फ्रेंच धिरडी, करायचो, पॅरिसची चित्रं लावायचो, नोव्हेंबरातल्या फ्रेंच सप्ताहात आयफेल टॉवर पुठ्ठ्याचा करायचो. ती सगळं करायची, बोलायची मात्र नाही. नाताळच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या सभेला ती एक मोठा थर्मास घेऊन आली. भोपळ्याचं सूप होतं. हैतीत 1 जानेवारीला ते घरोघर करतात, कारण 1804 मध्ये त्या दिवशी हैती फ्रान्सच्या गुलामीतून स्वतंत्र झाला. गुलामांना जे सूप रांधायला लागायचं पण प्यायला मिळायचं नाही, ते त्या दिवसापासून सगळे पितात. हे तिने आम्हाला फ्रेंचमध्ये सांगितलं, मध्येमध्ये हैतीची क्रेओल भाषा घालून, उभं राहून, थर्मासचं झाकण हातात गच्च धरून. वर्गातल्या मुलांना सूप पुरलं नाही, कागदी पेले चाटूनपुसून झाले. त्यानंतर तो क्लब पॅरिसचा राहिला नाही. तिला कुणी 'हैती क्लब काढ' म्हटलं असतं तर तिने काढला नसता. परक्या क्लबात तिने दोन वर्षं बसून घेतलं, आणि मग स्वतःचं दार स्वतः उघडलं.

तुमच्या लेकीने काय केलं? चादर बाजूला ठेवली आणि आजोबांचं धोतर नेलं.

ताई, तुमचं दुःख मला कळतं. वडिलांचं धोतर, त्याला अजून त्यांच्या अंगाचा वास असेल, आणि त्यावर जांभळा डाग. तिने विचारायला हवं होतं, ती चुकली, तिने माफी मागायला हवी. हे तिला शांतपणे सांगा आणि एकदाच सांगा. पण मग एक प्रश्न विचारा : चादर काढून ठेवली होती, ती का नको होती?

ती काय सांगेल ते मला माहीत नाही. पण चादरीचा टोगा नीट होत नाही, हे ज्याने कधी करून पाहिलं आहे त्याला माहीत आहे. चादर आखूड पडते, खांद्यावर राहत नाही, मुलं सेफ्टी पिना लावतात. टोगा हे न शिवलेलं, एकच लांब वस्त्र. डाव्या खांद्यावरून पुढे सोडायचं, पाठीमागून उजव्या काखेखालून घ्यायचं, पुन्हा डाव्या खांद्यावर टाकायचं. पिना नाहीत, गाठ नाही. डावा हात निऱ्या सावरण्यात गुंतलेला, उजवा मोकळा. हे असं वस्त्र तुमच्या घरात एकच होतं आणि ते कुठल्या कपाटात आहे हे त्या मुलीला पक्कं ठाऊक होतं. क्लबातल्या तीसेक मुलांत न शिवलेलं कापड अंगावर कसं राहतं हे जिने घरात पाहिलं आहे, अशी ती एकटी असणार. तिने आजोबांना सकाळी अंगणात निऱ्या घालताना, सोगा खोवताना पाहिलं असेल. टोगा आणि सोगा हे शब्द एकमेकांचे कुणी लागत नाहीत, नुसतं यमक आहे. पण तुम्ही तिला तो दुसरा शब्द सांगाच.

आणि मग तिला हे विचारा : टोगा नेसतात, घालतात की पांघरतात? इंग्रजीत सगळ्याला एकच क्रियापद. आपण सदरा घालतो, साडी नेसतो, शाल पांघरतो, पागोटं बांधतो. टोगा कमरेला नाही, खांद्यावर असतो, आत सदऱ्यासारखा ट्युनिक असतो. मला विचाराल तर 'पांघरतात', पण माझ्या एका मैत्रिणीचं ठाम मत 'नेसतात'. तुमच्या लेकीने दोन्हींचा विचार करून तिसरं सांगितलं तरी चालेल. हा प्रश्न मराठीत विचारल्याशिवाय विचारताच येत नाही आणि उत्तरही मराठीतच द्यावं लागतं.

असे प्रश्न तुमच्याकडे भरपूर आहेत. तुम्हाला ते प्रश्न आहेत हेच ठाऊक नाही. लॅटिनमध्ये नामाला तीन लिंगं असतात. फ्रेंचमध्ये दोन, स्पॅनिशमध्ये दोन, हिंदीत दोन. मराठीत तीन. फ्रेंचमध्ये खिडकी बाई का आणि पडदा बुवा का, या प्रश्नावर माझ्या वर्गातली अमेरिकन मुलं वर्षानुवर्षं अडखळायची. तुमच्या मुलीच्या कानावर लहानपणापासून 'ती खिडकी, तो दरवाजा, ते दार' पडत आलं आहे. एकाच वस्तूचं नाव बदललं की लिंग बदलतं, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. लॅटिनमधलं नपुंसकलिंग तिला पहिल्याच दिवशी सोपं गेलं असेल आणि ते का सोपं गेलं हे तिला कळलंही नसेल. तिला सांगा.

विभक्तीचंही तेच. 'कानिस पुएरुम मॉर्देत' म्हणजे कुत्रा मुलाला चावतो. शब्द उलटे करा, 'पुएरुम कानिस मॉर्देत', तरी चावणारा कुत्राच, कारण कोण चावतो हे शब्दाच्या जागेवर नाही, त्याच्या शेपटीवर ठरतं. इंग्रजीत उलटं केलं तर मुलगा कुत्र्याला चावतो. मराठीत 'मुलाला कुत्रा चावला' म्हणा नाहीतर 'कुत्रा मुलाला चावला' म्हणा. आपण 'मुलगा'चं 'मुला' करून त्याला 'ला' लावतो, रोमन माणूस 'पुएर'चं 'पुएरुम' करतो. ती आंघोळ करताना जी रूपं म्हणते आहे, त्यांची 'रामः रामौ रामाः'शी सोयरीक आहे. कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत भाषापंडित विल्यम जोन्स यांनी 1786 मध्ये संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात असं सांगितलं, त्याला आता सव्वादोनशेहून जास्त वर्षं झाली. पण तुम्ही तिला जोन्स सांगू नका, तो तिला केर्तामेनमध्ये भेटेल. तुम्ही तिला सासू सांगा. लॅटिनमध्ये सासूला 'सॉक्रुस' आणि सासऱ्याला 'सॉकेर' म्हणतात, संस्कृतातले श्वश्रू आणि श्वशुर. दिराला 'लेविर', आपला देवर. विधवेला 'विदुआ'. सात म्हणजे 'सेप्टेम', आठ म्हणजे 'ऑक्टो', शंभराला 'केंटुम', आणि आपल्या 'दोनशे'तला तो 'शे' त्याचाच दूरचा भाऊ. माझं सगळ्यात आवडतं जोडपं हे : लॅटिनमध्ये नाम म्हणजे 'नोमेन' आणि होडी म्हणजे 'नाविस'. मराठीत दोन्ही घासून घासून एकच झाले आहेत, 'नाव' आणि 'नाव'. हे मी एकदा लॅटिनच्या शिक्षकांना फळ्यावर लिहून दाखवलं तेव्हा ते खडू हातात धरून बराच वेळ नुसते बघत राहिले होते.

रात्री जेवताना एकेक द्या, सगळे एकदम नको. आणि ती इंग्रजीत उत्तर देते म्हणून थांबू नका. ती मराठी ऐकते आहे, समजते आहे, तिला फक्त बोलायचं कारण मिळालेलं नाही. 'बरी आहे, जेवले' हे आजीशी बोलायचं कारण नव्हे. सांगण्यासारखं काही नसतं तेव्हा आपणही फोनवर तेवढंच बोलतो. तिला आजीला विचारायचं असेल की आजोबा कासोटा कसा घालायचे, निऱ्या किती घालायचे, सोवळ्याचं वेगळं असायचं का, तर तो फोन पाच मिनिटांत संपणार नाही. आजीला व्हिडिओवर बोलवा, तुमच्या वडिलांचंच धोतर हातात घेऊन. कोल्हापूरच्या आजी अशा कामाला कधी कंटाळल्याचं मी ऐकलेलं नाही.

कोल्हापूर म्हटल्यावर मला हे सांगितल्यावाचून राहवत नाही. तुमचं माहेर कोल्हापूरचं आणि मुलीला रोमचं वेड, आणि तुम्ही दोघी अजून टाऊन हॉलच्या संग्रहालयात गेल्या नसाल तर या उन्हाळ्यात जा. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर 1940 च्या दशकात रोमन काशाची भांडी आणि समुद्रदेव पोसायडनची एक छोटी मूर्ती सापडली. रोमन त्यालाच नेपच्यून म्हणायचे. हातभरही नाही, पण उभं राहण्याची ढब अशी की तुमची मुलगी लांबूनच ओळखेल. समुद्रापासून एवढ्या आत, घाटाच्या वर, तो आला कसा? व्यापाऱ्यांबरोबर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासनोंदींत सोपारा आणि कल्याण आहेत, घाटावरचं पैठण आहे, धाराशिवजवळचं तेर आहे. उलट दिशेने हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती इटलीत पोहोचली, इ.स. 79 मध्ये पॉम्पेई शहरात ज्वालामुखीच्या राखेत गाडली गेली आणि 1938 मध्ये बाहेर निघाली. तिच्यासारख्याच हस्तिदंती मूर्ती आपल्याकडे तेरला आणि भोकरदनला सापडल्या आहेत. रोमन लेखक थोरला प्लिनी तर कुरकुर करतो की भारत दरवर्षी रोमची पाच कोटी सेस्टर्स नाणी खेचून घेतो. हे तिच्या क्लबात कुणाला ठाऊक नसेल. एखाद्या सभेत दहा मिनिटं तिने यावर बोलावं असं तिला वाटलं, तर ती बोलेल. तुम्ही फक्त तिला त्या काचेच्या पेटीपुढे नेऊन उभं करा आणि गप्प राहा. 'बघ, आपलं कोल्हापूर' असंही म्हणू नका. ते तिचं तिला म्हणू द्या.

रविवारच्या मराठी शाळेचा प्रश्न उरतो. त्या शाळांचं मोल मी जाणते. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाने आणि गावोगावच्या मंडळांनी त्या उभ्या केल्या, शिकवणारे बहुतेक सगळे नोकऱ्या सांभाळून फुकट शिकवतात. म्हणून ती सोडायला मी चटकन 'हो' म्हणणार नाही. पण वर्गात बहुधा सहा-सात वर्षांची मुलं 'अ अननसाचा' गिरवत असतील आणि त्यांच्यात ती उंच मुलगी मागे बसत असेल. तिथल्या शिक्षकांशी बोला. तिला विद्यार्थिनी म्हणून नको, मदतनीस म्हणून बोलवतील का? बारक्यांना बडबडगीतं म्हणून दाखवायची, पाटीवर अक्षरं काढून द्यायची. महिन्यातून दोन रविवार. ती कदाचित नाही म्हणेल, तेव्हा सहा महिने थांबा. आणि शाळेच्या समुपदेशकांकडे द्विभाषिक प्रावीण्याच्या शिक्क्याची चौकशी करून ठेवा. कॅलिफोर्नियाने 2011 मध्ये त्याची सुरुवात केली, आता तो बहुतेक राज्यांत आहे. हायस्कूल पुरं होताना इंग्रजीबरोबर दुसरी भाषा नीट येते याची ती अधिकृत नोंद असते. मराठीसाठी तुमच्या जिल्ह्यात कोणती चाचणी मान्य आहे, ते त्यांच्याकडूनच लेखी घ्या. नवऱ्याला अर्जात काही हवं असेल, तर हे खरं आहे आणि ते तिने स्वतः मिळवलेलं असेल.

राहिल्या तुमच्या तिघी मैत्रिणी. त्यांना आपापल्या मुलांना एकच प्रश्न विचारायला सांगा : तुला शाळेत मराठी क्लब हवा आहे का? दोन जरी मुलं 'हो' म्हणाली, तर त्या मुलांनी अर्ज भरायचा, त्यांनीच एखादा शिक्षक सल्लागार म्हणून गाठायचा, सभेचा दिवस त्यांनीच ठरवायचा. तुम्ही घरी पोहे करून ठेवायचे, मागितले तर द्यायचे. एकाही मुलाने 'हो' म्हटलं नाही, तर चौघींनी दर शुक्रवारी एकमेकींकडे जमा आणि मराठीत मनसोक्त बोला. मुलं जिन्यात बसून ऐकतात, मी पाहिलं आहे.

तुमच्यासाठीही लॅटिन क्लबात जागा आहे, आणि ती कायदेशीर आहे. राज्याच्या मेळाव्याला मुलांना नेण्यासाठी मोठी माणसं लागतात. शाळेची परवानगी आणि तपासणी पुरी करून सोबत जायला नाव द्या, पण लेकीला विचारून. गेलात तर बसमध्ये मागे बसा. केर्तामेनच्या खोलीत जा, दाराशी उभ्या राहा. ती बझर दाबते तेव्हा तिचा चेहरा कसा होतो ते तुम्ही अजून पाहिलेलं नाही.

आता तो डाग. डिसेंबरपासून राहिला आहे, म्हणजे मुरला असेल, तरी करून पाहा. गरम पाणी लावू नका, आणि साबणही आधी नको, द्राक्षाचा जांभळा साबणाने निळा पडतो. थंड पाण्यात तासभर भिजवा, मग लिंबाचा रस आणि मीठ चोळा, ओलंच उन्हात टाका. पुन्हा एकदा तसंच. सुती धोतर सोसतं हे सगळं. काठ रंगीत असेल तर तेवढा वर धरा. हे काम तिच्याकडून करून घ्या, तुम्ही शेजारी उभ्या राहा. पूर्ण निघेल असं मी सांगत नाही, फिका पडेल. राज्याचा मेळावा वसंतात आहे, तोवर वाळवून, इस्त्री करून, घडी घालून ठेवा. या वेळी ती विचारेल, आणि तुमच्या वडिलांचं धोतर आहे, द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा.